घराचं लोन दुसऱ्या बँकेत हलवायचं का? आधी वही काढा

मी इंदूरच्या सियागंज बाजारात एका किराणा होलसेलवाल्यांकडे हिशेब बघते. कुणाच्या उधारीला किती दिवस झाले, कुणाला व्याज लावायचं आणि कुणाला नुसता चहा पाजून आठवण करायची, हे सगळं मला तोंडपाठ. स्वतःची सगळ्यात मोठी उधारी, म्हणजे घराचं लोन, मात्र मी सात वर्षं उघडून बघितलं नव्हतं. दर महिन्याच्या पाच तारखेला 24,163 रुपये जातात, एवढंच ठाऊक.

जानेवारीत दुपारचा डबा खाताना एका मुलाचा फोन आला. "मैडम, होम लोन का बीटी करवा लीजिए, ईएमआई सीधे छह हज़ार कम." बीटी म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर. नवी बँक जुन्या बँकेचं उरलेलं कर्ज चुकतं करते आणि पुढचे हप्ते आपण नव्या बँकेला भरतो. संध्याकाळी घरी विषय काढला तर सासूबाईंच्या हातातली पोळी तशीच राहिली. "पुन्हा घर गहाण ठेवणार?" मी म्हटलं, आई, गहाण तर ते 2018 पासून आहेच, कागद फक्त एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जातील. पण त्यांच्या प्रश्नामुळे मी रात्री वही काढून बसले, आणि त्या सहा हजारांची गंमत कळली. ती पुढे सांगते.

तुम्हीही सुरुवात वहीनंच करा. बँकेच्या ॲपवरून किंवा शाखेतून लोनचं स्टेटमेंट घ्या आणि चार आकडे उतरवा: मुद्दल किती बाकी, आजचा दर किती, हप्ते किती उरले, शेवटचा हप्ता कधी. माझे निघाले 22 लाख, 9.15 टक्के, 156 हप्ते आणि जानेवारी 2039. चौथ्या आकड्याशी मी अडखळले. लोन घेतलं तेव्हा ते जून 2038 मध्ये संपणार होतं. हे सात महिने आले कुठून?

आले ते असे. मे 2022 पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो, 4 टक्के होता. तो चढत चढत फेब्रुवारी 2023 मध्ये 6.50 वर गेला. दर वाढला तरी माझा हप्ता तेवढाच राहिला, कारण बँकेनं मुदत ताणली. आपल्याला वाटतं काही बदललंच नाही. 2023 च्या अखेरपासून नियम आहे की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे बँकेनं ग्राहकाला विचारायला हवं. मला मेसेज आला असणारच. साड्यांच्या सेलच्या मेसेजांखाली गेला असेल.

आता पाचवी गोष्ट, जी कुणी लिहून घेत नाही: तुमचा दर कशाला बांधलेला आहे? 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं नवं गृहकर्ज बाहेरच्या दराशी बांधावं लागतं. बहुतेक बँका त्यासाठी रेपो धरतात, आणि अशा कर्जाचा दर निदान तीन महिन्यांतून एकदा बदलायला हवा. त्याआधी, एप्रिल 2016 पासून, एमसीएलआर नावाचा दर चालायचा. तो बँकेच्या स्वतःच्या खर्चावर ठरतो, आणि बहुधा वर्षातून एकदाच तुमच्यापर्यंत पोहोचतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना तर रेपोचं बंधनच नाही, त्या आपला स्वतःचा मूळ दर ठरवतात. 2025 मध्ये रेपो 6.50 वरून उतरत डिसेंबरात 5.25 झाला, म्हणजे सव्वा टक्का कमी. माझं लोन 2018 चं, एमसीएलआरवालं. ती घसरण माझ्या दारापर्यंत जेमतेम आली. पोह्यांच्या प्लेटमध्ये शेव किती पडली हे आम्ही इंदूरवाले डोळ्यांत तेल घालून बघतो, आणि इथे सव्वा टक्का कुठे गेला ते विचारत नाही.

मग लगेच नव्या बँकेत धावायचं? नाही. आधी आपल्याच बँकेकडे जायचं. एमसीएलआरवरून रेपोवर जाता येतं. त्यासाठी बँक थोडा कागदपत्रांचा खर्च घेते, दंड घेत नाही. आधीच रेपोवर असाल तर स्प्रेड बघा. स्प्रेड म्हणजे रेपोवर बँकेनं चढवलेला स्वतःचा हिस्सा. तुमचा दर 8.40 असेल आणि रेपो 5.25, तर स्प्रेड 3.15. नव्या गिऱ्हाइकाला तीच बँक 2.35 चढवत असेल, तर भांडायला जागा आहे. पूर्वी बँका म्हणायच्या की तीन वर्षं स्प्रेडला हात लावता येत नाही. ऑक्टोबर 2025 पासून जुनं गिऱ्हाईक टिकवण्यासाठी त्या तो आधीही कमी करू शकतात, तेव्हा ते कारण आता ऐकून घेऊ नका.

जाताना तोंडी विनवणी करू नका, अर्ज न्या. मी दोन ओळी लिहिल्या होत्या: माझ्या कर्जाचा दर अमुक, नव्या ग्राहकाला आपण अमुक देता, दर कमी करून मिळावा, अन्यथा फोरक्लोजर लेटर आणि एलओडी द्यावी. फोरक्लोजर लेटर म्हणजे कर्ज बंद करायला किती भरायचे ते सांगणारं पत्र, आणि एलओडी म्हणजे बँकेकडे आपले कोणकोणते कागद ठेवलेले आहेत त्यांची यादी. हे दोन शब्द कागदावर दिसले की काउंटरवरचा माणूस खुर्ची पुढे ओढून घेतो. पहिल्या दिवशी मला "साहेब रजेवर आहेत" मिळालं. चौथ्या दिवशी फोन आला: 7.95 टक्के, एकदाच भरायचे 5,900 रुपये जीएसटीसकट.

फोनवाल्या मुलाच्या बँकेचा दर होता 7.60. उघडच कमी. इथे बहुतेक लोक सही करतात. मी बेरीज केली.

बाकी रकमेला दरातल्या फरकानं गुणा, म्हणजे पहिल्या वर्षाचा फायदा अंदाजे कळतो. हा एवढा हिशेब पुरेसा आहे, एक्सेल नंतर. माझ्या जुन्या दरापासून 7.60 पर्यंतचा फरक 1.55 टक्के. बावीस लाखांवर वर्षाचे 34,100. पण माझ्या बँकेनं 7.95 द्यायचं कबूल केल्यावर खरी तुलना 9.15 शी राहिलीच नव्हती. ती 7.95 आणि 7.60 यांच्यात होती. फरक 0.35 टक्के, वर्षाचे 7,700 रुपये. आणि हलवण्याचा खर्च? प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, घराचं व्हॅल्युएशन, नव्यानं गहाणाची स्टॅम्प ड्युटी, सरसायची, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय रजिस्टरातली नोंदणी, शिवाय नोटरी आणि झेरॉक्स. मला सांगितलेला एकूण आकडा 31,000. त्यातून घरच्या बँकेचे 5,900 वजा केले तरी 25,100 जास्तीचे. ते भरून निघायला तीन वर्षांहून जास्त. पुढे तेरा वर्षं काढायची म्हणून शेवटी साठ-सत्तर हजार वाचलेही असते. पण तीन वर्षांत माझीच बँक आणखी उतरेल किंवा मधे सोनं मोडून मी लोनच हलकं करीन, या हिशेबानं मी राहिले. तुमचं मन वेगळं सांगेल तर चूक नाही.

स्टॅम्प ड्युटीचं एक सांगून ठेवते. ती प्रत्येक राज्यात वेगळी. पुण्यातल्या मावसभावाला किती लागली हे विचारून इंदूरचा हिशेब करू नका. नव्या बँकेकडून लेखी आकडा घ्या.

लेखी मागताना केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा आणि खर्चाचा कागद मागा. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत ते द्यावंच लागतं, आणि आपल्याला समजेल अशा भाषेत. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, फी वगैरे धरून कर्ज खरोखर किती टक्क्यांना पडतं तो. जाहिरातीतला दर बाजूला ठेवा, दोन बँकांचे एपीआर शेजारी ठेवा. आणि केएफएस पहिल्या ओळीपासून वाचा. त्यात कधी कधी विमा घुसवलेला असतो. एकरकमी हप्ता कर्जातच मिळवून टाकतात, म्हणजे विम्याच्या पैशांवरही तेरा वर्षं व्याज. "विम्याशिवाय लोन होत नाही" असं कुणी म्हणालं तर तेवढंच एका कागदावर लिहून मागा. आजवर मला कुणी दिलेलं नाही.

आता माझं राहणं हा नियम समजू नका. त्याच आठवड्यात आमच्या मोठ्या भाऊजींचं लोन मी हलवायला लावलं. त्यांचं हाउसिंग फायनान्स कंपनीचं, 48 लाख बाकी, 17 वर्षं, 9.60 टक्के. कंपनी फार ओढाताण करून 9.10 वर आली. नवी बँक 7.60 देत होती. हप्ता 47,810 वरून 41,980. खर्च साठ हजारांच्या घरात, आणि जुन्या हप्त्यापेक्षा महिन्याचे 5,830 वाचणार, म्हणजे अकराव्या महिन्यात खर्च वसूल. उलट आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचे फक्त 4 लाख आणि तीन वर्षं उरली होती, दर 9.40. त्यांना 7.60 मिळालं असतं तरी तीन वर्षांत मिळून वाचले असते बारा हजार, आणि तेवढे तर फी आणि वकिलातच गेले असते. काकांना मी म्हटलं, तुम्ही निवांत नाटकाला जा.

काकांना एका भाच्यानं सांगितलं होतं की व्याज सुरुवातीलाच वसूल होतं, म्हणून आता हलवून उपयोग नाही. निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचं. व्याज आगाऊ कुणी घेत नाही. ते दर महिन्याला बाकीवर लागतं. माझ्या 22 लाखांवर 9.15 नं महिन्याचं व्याज 16,775, म्हणून 24,163 तले फक्त 7,388 मुद्दलात जातात. बाकी कमी झाली की व्याजही कमी. म्हणून बघायचं ते किती वर्षं गेली हे नव्हे, किती रक्कम आणि किती वर्षं उरली हे.

आता ते सहा हजार. त्या मुलानं माझे 156 हप्ते गुपचूप 240 केले होते. 22 लाख, 7.60 टक्के, 20 वर्षं: हप्ता 17,858. कमी झाला 6,305 नं, खोटं काहीच नाही. पण 17,858 गुणिले 240 म्हणजे 42,85,920. आणि मी काहीच न करता जुन्या 9.15 नं भरत राहिले असते तर 37,69,428. दर दीड टक्का कमी करून पाच लाखांहून जास्त भरायचे! शिवाय आमच्या ह्यांच्या रिटायरमेंटनंतरही हप्ता चालूच. हे वाक्य ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

खरी बचत उलट बाजूला आहे. दर उतरला की हप्ता उतरवू नका. 7.60 नं 156 च हप्ते ठेवले असते तर हप्ता 22,239 झाला असता आणि एकूण तीन लाख वाचले असते. हप्ता 24,163 च ठेवला असता तर साधारण 137 व्या महिन्यात लोन संपलं असतं आणि वाचले असते पावणेपाच लाख. मी घेतलेल्या 7.95 नं, जुनाच हप्ता ठेवून, 140 महिने होतात. म्हणजे सोळा महिने आधी सुटका, आणि पावणेचार लाखांहून जास्त बचत. यासाठी बँकेला वेगळं सांगावं लागतं: "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा." न सांगितलं तर काय होईल याची खात्री नाही, म्हणून अर्जात लिहा आणि पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये शेवटची तारीख बघा. एक्सेल येत असेल तर पीएमटी आणि एनपीईआर या दोन फॉर्म्युल्यांत हे सगळं बसतं.

दुसरा मोह टॉप-अपचा. भाऊजींना नव्या बँकेनं 48 लाखांवर वर 6 लाख देऊ केले. गाडी बदलायचं त्यांच्या मनात होतंच. दर 8.10, गाडीच्या कर्जाचा 9.25. भाऊजी म्हणाले, स्वस्तच आहे की. मी वही फिरवली. 6 लाख 17 वर्षांत फेडले तर हप्ता 5,425, पण व्याज पाच लाखांवर. गाडीचं कर्ज पाच वर्षांचं घेतलं तर हप्ता 12,528, व्याज दीड लाख. गाडी सतरा वर्षं टिकणार नाही, हप्ता टिकेल. टॉप-अप मुळातच वाईट नाही. दवाखान्याचा खर्च, घराची गळती, महाग व्याजाचं जुनं देणं फेडणं, यासाठी घ्यावं. मात्र ते वेगळ्या, लहान मुदतीचं घ्या.

इन्कम टॅक्सचं थोडक्यात. जुन्या रेजीममध्ये राहत्या घराच्या व्याजाची 2 लाखांपर्यंतची सूट लोन हलवलं तरी चालू राहते, कारण नवं कर्ज जुनं फेडायलाच घेतलेलं असतं. टॉप-अपच्या गाडीला ती नाही. नव्या रेजीममध्ये राहत्या घराला ही सूटच नाही. त्या वर्षी दोन्ही बँकांची व्याजाची सर्टिफिकेटं घ्या.

हलवायचं ठरलं तर बँक निवडण्याआधी घराचे कागद बघा. इथेच भाऊजींचे पाच आठवडे गेले. त्यांचं घर आयडीएच्या, म्हणजे इंदूर विकास प्राधिकरणाच्या एका जुन्या स्कीममधलं, लीजचं. लीजची मुदत संपत आलेली, नूतनीकरण करायचं म्हणून तीन वर्षं फाईल माळ्यावर. जुन्या कंपनीनं तेव्हा विचारलं नव्हतं, नव्या बँकेच्या वकिलानं पहिल्या पानावर लाल खूण केली. तुमचा प्लॉट लीजचा आहे की फ्रीहोल्ड, नामांतरण तुमच्या नावावर झालंय का, डायव्हर्शनचा, म्हणजे शेतजमीन बिनशेती केल्याचा कागद आहे का, संपत्तिकराची शेवटची पावती कुठे आहे, हे आधी तपासा. नोटरीवर घेतलेला प्लॉट असेल तर बँक बदलण्याचा विचार सोडून द्या.

मग व्हॅल्युएशनवाला आला. तरुण मुलगा, हातात लेझरचं माप. गच्चीवर गेला आणि थबकला. तिथे भाऊजींनी 2021 मध्ये ऑनलाइन शाळेसाठी एक खोली बांधली होती, पत्र्याची नाही, पक्की. पास झालेल्या नक्शात ती नाही. जाऊबाईंनी त्याला चहा आणि चकली दिली. त्यानं दोन्ही घेतलं आणि खोली किमतीत धरली नाही. सुदैवानं खालच्या मजल्याची किंमत कर्जाला पुरून उरली. तुमच्याकडे अशी खोली असेल तर अर्जाआधीच सांगून टाका. नंतर कळली की मंजूर रक्कम कमी होते आणि भरलेली फी अडकते.

सिबिल रिपोर्टही, म्हणजे आपल्या कर्जफेडीचं प्रगतिपुस्तक, अर्जाआधी बघा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चार बँकांत एकाच वेळी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये दिसते. विचारपूस दहा ठिकाणी करा, अर्ज एका ठिकाणी. अर्जदार बाई असेल तर काही बँका 0.05 टक्का कमी करतात. जाऊबाईंचं नाव आधी टाकलं म्हणून भाऊजींना तेवढं मिळालं.

प्रत्यक्ष बदली अशी होते. जुनी बँक फोरक्लोजर लेटर देते, त्यात ठरावीक तारखेपर्यंतची रक्कम आणि पुढे रोजचं व्याज लिहिलेलं असतं. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकांना 2012 पासून घेता येत नाही. फिक्स्ड दराचं असेल तर करार बघा. नवी बँक जुन्या बँकेच्या नावानं चेक काढते. चेक काढल्याच्या दिवसापासून नव्या बँकेचं व्याज चालू, आणि जमा होईपर्यंत जुन्याचंही. म्हणून डीडी किंवा चेक काढल्यावर तो त्याच दिवशी पोहोचवा, शुक्रवारी संध्याकाळी तर काढूच नका. भाऊजींचा हप्ता पाच तारखेला जायचा आणि लोन तीन तारखेला बंद झालं, तरी पाचला 47,810 कापले गेलेच. ऑटो डेबिट बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं. परत मिळायला अठरा दिवस लागले. तेवढी रक्कम खात्यात जास्तीची ठेवा किंवा हप्ता गेल्यावरचा आठवडा निवडा.

मूळ कागद जुन्या बँकेनं कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत द्यायला हवेत. उशीर तिच्यामुळे झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. कागद घेताना एलओडी हातात धरून एकेक पान जुळवा. रजिस्ट्रीचं पान सुटलेलं नाही ना, शिक्के आहेत ना, ते तिथेच बघा. मग नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या, आणि सरसायमधली जुन्या बँकेची नोंद उतरवून घ्या.

लोन घेताना दिलेले कोरे चेक राहिलेच. भाऊजींनी जुन्या चेकबुकच्या मागच्या पानावर नंबर लिहून ठेवले होते: सात दिलेले, सहा परत आले. सातव्यासाठी त्यांनी आपल्या खात्याच्या बँकेत तो नंबर देऊन स्टॉप पेमेंट केलं आणि पावती मला आणून दिली. ती आता माझ्या वहीत टाचलेली आहे.